तुपातला डिंक

काचेवर वाळलेली फिल्म सुटायला लागते ती कोपऱ्यातून. आधी काच आणि फिल्म यांच्यामध्ये हवेची एक चंदेरी रेघ दिसते. ती नखाएवढी रुंद होते आणि तिथेच थांबते. पुढचं काम पात्याने करावं लागतं, आणि पातं कितीही जपून चालवलं तरी फिल्म कुठेतरी फाटतेच. पाच-सहा वर्षं सीमा हेच पाहत आली होती. आज ती रेघ थांबली नव्हती. डाव्या कोपऱ्यापासून निघून ती काचेच्या अर्ध्यावर आली होती, आणि सुटलेला भाग कोणी हात न लावता वर वळला होता, उन्हात ठेवलेल्या केळीच्या पानाची कड वळते तसा.

सीमाने दोन बोटांनी कोपरा धरला आणि ओढला. फिल्म सबंध निघून हातात आली.

ती खिडकीशी गेली आणि फिल्म उजेडासमोर धरली. आनंद व्हायला हवा होता, पण तिच्या कपाळाला आठी पडली. फिल्म पारदर्शक नव्हती. पातळ ताकासारखी गढूळ पांढरट होती. सीमाच्या शास्त्रात गढूळपणाचा अर्थ एकच होता: दोन गोष्टी एकमेकींत नीट मिसळलेल्या नाहीत. त्यातली एक बाभळीचा डिंक. दुसरी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, कारखान्यात बनणारी पांढरी पूड, गरम पाण्यात हळूहळू विरघळणारी. या दोघांना ती इतक्या वर्षांत पुरती ओळखून होती. नुसत्या डिंकाची फिल्म पापडासारखी मोडते. नुसती पीव्हीएची चिवट असते, पण ती महाग आणि मातीत लवकर न कुजणारी. दोन्ही एकत्र केली की डिंकाचा ठिसूळपणा जातो आणि पीव्हीएचा खर्च निम्म्यावर येतो. दोघांचं आपसात बरं जमतं. मग आज काय बिनसलं?

“आई,” तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, “काल डिंक कसा भिजवलास?”

“कसा म्हंजी? रोजच्यावानी.”

भागुबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि सीमाला त्यातच काहीतरी कळलं.

सीमा आठवडाभर शिरूरला असायची. शिरूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक फिल्मचा एक कारखाना होता, त्याच्या प्रयोगशाळेत ती केमिस्ट होती. शनिवारी दुपारी सुटली की एसटीने न्हावऱ्यावरून दौंडला, आईवडिलांकडे. तिचं लग्न झालं होतं आणि टिकलं नव्हतं. त्याबद्दल घरात आता कोणी बोलत नसे. शनिवार-रविवार तिचे स्वतःचे प्रयोग चालत, ओट्यावर, जुन्या शोकेसच्या काचांवर. ती येईपर्यंत डिंक तयार असावा म्हणून भागुबाई तो शनिवारी सकाळीच कुटून, कोमट पाण्यात विरघळवून, पंच्यातून गाळून ठेवत. डिंक त्यांच्या माहेरचा, न्हावऱ्याच्या बांधांवरच्या बाभळींचा. भावजय पिशवी भरून पाठवायची.

“आई, खरं सांग.”

“आता काय सांगू? हवा कसली हाय बघ की. डिंक पार चिकाट झालेला. खलबत्त्यात घातला तर बत्ता बी सुटंना. मंग जरा तुपात फुलवला. लाडवाला फुलवतात न्हवं, तसा. मंग कसा भुगा झाला हातानं.”

सीमा जमिनीवरच बसली. महिनाभर जमवलेला डिंक होता तो. साहेबरावांच्या गुऱ्हाळावर चाचणीला द्यायची फिल्म त्यातून व्हायची होती.

“तुपात,” ती म्हणाली.

“चांगलं घरचं तूप हाय. पामतेल न्हाई घातलं काय.”

बाहेर पडवीत तिचे वडील चांगदेव पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपराआडूनच सांगितलं, “ह्या घरात मला जेवताना तूप मिळंना, आन् पापडाला मिळतंय.”

सीमाच्या फिल्मला ते पहिल्यापासून पापडच म्हणत आले होते.

हा पापड करायची गरज कुठून आली, ते सांगायला हवं. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ. उसाचा रस आटतो, गूळ होतो, ढेपा आणि वड्या पडतात, आणि पावसाळ्याची हवा लागली की त्याच गुळाला पाणी सुटतं. प्लास्टिकमध्ये बांधावा तर आतून घाम धरतो, उघडा ठेवावा तर पाघळतो. सीमा कारखान्यात दिवसभर प्लास्टिकची जाडी मोजायची आणि एसटीच्या खिडकीतून त्याच प्लास्टिकच्या चिंध्या बाभळींना लटकलेल्या पाहायची. ज्या झाडाच्या अंगावर चिंध्या, त्याच झाडाचा डिंक. गुळाला कोरडं ठेवेल आणि काम संपल्यावर मातीत जाईल असं वेष्टन या डिंकातून करायचं, हे तिने अशाच एका प्रवासात ठरवलं.

फिल्म झाली, पण एक खोड काही केल्या जाईना. डिंकाला पाणी प्रिय, पीव्हीएला पाणी प्रिय. त्यामुळे दमट हवेत फिल्म ओल्या रुमालासारखी लुळी पडायची आणि गुळाला चिकटायची. लवचीकपणासाठी ग्लिसरीन घालावं तर ते आणखी पाणी ओढायचं. पाटसजवळच्या गुऱ्हाळाचे मालक साहेबराव यांनी गेल्या पावसाळ्यात तिचा एक नमुना पाहिला होता. तो उचलायला गेले तर निम्मा बोटाला चिकटून आला. ते बोट दाखवत म्हणाले होते, “मॅडम, ह्या कागदात गूळ बांधायचा, का गुळानं कागद चिटकवायचा?” तरी माणूस सरळ होता. पुढचा एक पावसाळा थांबतो, म्हणाले. जमलं तर तुमचा कागद, न जमलं तर दसऱ्याला प्लास्टिक पॅकिंगचं मशीन घेणार.

आणि दुसरीकडे सिल्वासा होतं. कारखान्याच्या मालकांनी तिकडे नवा प्लांट टाकला होता. तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून जाता का, असं मॅनेजर विनोद सरांनी उन्हाळ्यातच विचारलं होतं. पगार वाढणार, क्वार्टर मिळणार. सीमाने विचार करून श्रावण सरल्यावर सांगते म्हटलं. घरी ही बातमी पोचली होती, उत्तर मात्र तिने अजून दिलं नव्हतं.

खरं म्हणजे विचार कधीच झालेला होता. नोकरी सोडायची आणि न्हावऱ्यात फिल्मचं छोटंसं काम सुरू करायचं. तिथे मामांच्या घराशेजारी दूध संकलनाची बंद पडलेली खोली होती: भिंतींना पांढऱ्या फरशा, पाणी जायला मोरी, थ्री फेजची वीज. एसटी न्हावऱ्याला थांबली की सीमा त्या बाजूला बघायची. बाभळी तिथे, डिंक वेचणाऱ्या बाया तिथे. अडत होतं ते एकाच ठिकाणी, आबांना, म्हणजे वडिलांना, सांगण्यात.

चांगदेव रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. त्यांच्या वडिलांनी गावकीची कामं केली होती, भाकरीसाठी दुसऱ्याच्या दाराबाहेर उभं राहून. चांगदेव लहानपणी त्यांच्याबरोबर उभे राहिले होते. रेल्वेची नोकरी लागली आणि ते उभं राहणं संपलं. तेव्हापासून नोकरी हा शब्द ते बुद्धवंदनेतल्या शब्दासारखा जपून उच्चारत. मुलीने एम.एस्सी. केलं, केमिस्ट झाली, तेव्हा त्यांनी विहारात खीर वाटली होती. सीमाने एकदा आडून विषय काढून पाहिला होता, दुसऱ्या कोणाचं तरी नाव घेऊन. ते शांतपणे म्हणाले, “धंदा कुणी करावा, ज्याच्या मागं जमीन हाय त्यानं. बुडला तरी टेकायला बांध असतो. आपल्याला टेकायला काय हाय? नोकरी.”

ते खोटं नव्हतं. म्हणून तिने स्वतःला एक अट घातली. फिल्म जमेपर्यंत बोलायचं नाही. अट सोयीची होती. फिल्म जमत नव्हती, त्यामुळे बोलावंही लागत नव्हतं.

त्या रविवारी तिने ती गढूळ फिल्म टाकून द्यायला म्हणून चुरगाळली. मूठ उघडली तर फिल्म सावकाश उलगडली. कुठेही चीर नाही. तिने ती पुन्हा चुरगाळली, पुन्हा उघडली. मग उठली, स्वयंपाकघरातला झाकणाचा मोठा डबा घेतला आणि तळाशी वाटीत मीठ आणि पाणी कालवून ठेवलं. विरघळून तळाला उरेल इतकं मीठ पाण्यात घातलं की बंद डब्यातली हवा नेहमी एकाच दमटपणाची राहते, श्रावणातल्या दौंडच्या हवेसारखी. वर जाळीवर तिने दोन तुकडे ठेवले, एक गेल्या आठवड्याच्या फिल्मचा, एक आजच्या. भागुबाई बघत होत्या.

“रागावलीस व्हय?”

“नाही.”

“मंग बोलंना का?”

“आई, आता काही विचारू नकोस. मोजतेय.”

दुपारी जेवण झाल्यावर तिने डबा उघडला. जुना तुकडा जाळीतून खाली ओघळला होता. तुपाचा तुकडा जाळीवर सरळ पडून होता. तिने तो उचलला, ओठाला लावून पाहिला, आणि परत ठेवला. मग डबा बंद केला आणि झाकण दोन्ही हातांनी घट्ट दाबलं.

एका तुकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे ती कारखान्यात नव्या मुलांना शिकवायची. म्हणून तिने विश्वास ठेवला नाही. सोमवारी संध्याकाळी शिरूरच्या कॉलेजात प्रतिभाला गाठलं. प्रतिभा एम.एस्सी.ची तिची वर्गमैत्रीण, आता तिथे रसायनशास्त्र शिकवायची, आणि स्पष्ट बोलण्याबद्दल विद्यार्थ्यांत प्रसिद्ध होती. सीमाने सगळं सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली, मग गंभीर झाली. डिंकाचं एक अंग पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. कालवणात तवंग वेगळा तरंगतो तसं डिंकात होत नाही, तुपाचे अतिसूक्ष्म थेंब तो धरून ठेवतो. मिक्सरमध्ये फिरवल्यावर ते थेंब फिल्मभर विखुरले असणार. गढूळपणा त्यांचा. आणि पाण्याच्या वाफेला वाट अडवणारेही तेच. दोघींनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गोल, सारखे, ताटात पसरलेल्या मोहरीसारखे.

“पण हे चालणार नाही,” प्रतिभा म्हणाली. “महिनाभराने तूप खवट होईल. मग तुझ्या गुळाला वास.”

ते बरोबर होतं. सीमालाही ते एसटीतच सुचलं होतं, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

पुढचे रविवार ओट्यावर गर्दीचे गेले. खवट न होणारं, खायच्या वस्तूजवळ चालणारं स्निग्ध काहीतरी हवं होतं. सीमाने खोबरेल तेल घेतलं. ते फिल्ममधून पाझरलं आणि काच तेलकट झाली. मग मधमाश्यांचं मेण घेतलं. पहिल्या खेपेला मेण थंड डिंकात टाकलं आणि ते दाणे धरून बसलं. दुसऱ्या खेपेला सगळंच गरम ठेवून मिक्सर फिरवला तर मिक्सरचं झाकण उडालं आणि भिंतीवर पांढरे शिंतोडे उडाले. चांगदेव येऊन बघून गेले. रंगाचं काम काढलंय वाटतं, एवढंच म्हणाले. मेण जास्त झालं की फिल्म कमजोर होई, कमी झालं की पुन्हा लुळी. सीमा दर वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायची. भागुबाईंना त्याचा कंटाळा यायचा. चार गोष्टी एकदम बदलून बघ की, त्या म्हणायच्या, आमटीत न्हाई का आपण करत. सीमा म्हणायची, मग आमटी चांगली झाली तर कशाने झाली ते कसं कळणार? त्यावर भागुबाईंचं उत्तर होतं, “कळून काय करायचंय? खायची.”

पण डिंक मात्र त्या आता कोरडाच कुटायच्या. कोळशाच्या शेगडीजवळ रात्रभर ठेवून, मऊपणा घालवून. तूप लावलं नाही हे त्या दर शनिवारी न विचारता सांगायच्या.

आषाढ सरता सरता जमलं. पीव्हीए, डिंक, थोडंसं ग्लिसरीन आणि मेण. फिल्म काचेवरून एका ओढीत सुटली. मिठाच्या डब्यात आठवडाभर राहूनही ती लुळी पडली नाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सीमाने ती अन्नाला चालते का ते तपासून घेतली. चालत होती. ते कळलं तेव्हा ती कारखान्याच्या कँटीनमध्ये होती. तिने चहा संपवला, कप नळाखाली धुतला, जाग्यावर ठेवला, आणि मग लेडीज रूममध्ये जाऊन आरशातल्या स्वतःकडे बघून मोठ्याने हसली.

साहेबरावांनी गुऱ्हाळामागच्या गोदामात एक फळी रिकामी करून दिली. सीमाने गुळाच्या वड्या तीन प्रकारे ठेवल्या: उघड्या, प्लास्टिकमध्ये, आणि तिच्या फिल्ममध्ये. गोदामाला एकच खिडकी होती आणि शेजारी रसाची कढई दिवसभर वाफ सोडत होती. याहून वाईट हवा मिळणं कठीण होतं, म्हणूनच तिने ती जागा मागितली होती. श्रावण संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं तिने बजावलं. साहेबराव म्हणाले, “माझ्याच गुळाला मीच हात लावायचा न्हाई. बरं हाय.”

श्रावण सरल्यावरच्या रविवारी ती गेली. भागुबाईही बरोबर आल्या. कधी न येणाऱ्या, त्या दिवशी इरकल नेसून तयार झाल्या. गुऱ्हाळ चालू होतं. भट्टीवरचा मुख्य कारागीर उत्तर प्रदेशातला होता, सगळे त्याला चौधरी म्हणायचे. गुळाची पारख त्याच्या हातात होती आणि साहेबराव ती मानत. त्यालाही बोलावलं.

उघड्या वड्या काळपट होऊन फळीवर पसरल्या होत्या. त्यांच्याकडे कोणी नीट पाहिलंही नाही. प्लास्टिकची पुडी चौधरीने उघडली तर आत घामाचे थेंब होते आणि गूळ बोटाने दबला. सीमाने मान हलवली. गुळाच्या अंगात मुळातच थोडा ओलावा असतो. प्लास्टिक त्याला बाहेर जाऊ देत नाही. तिची फिल्म बाहेरचं पाणी अडवायची आणि आतली वाफ थोडी थोडी सोडायची, निदान कागदावरच्या आकड्यांप्रमाणे. आता आकड्यांना खरं व्हायचं होतं.

चौधरीने तिची पुडी घेतली. फिल्म कोरडी होती. ओढली तर कागदासारखा आवाज करत सुटली, गुळावर तिचा एक धागाही राहिला नाही. वडी सोनेरी होती, बांधताना होती तशीच. चौधरीने ती दोन्ही हातांत धरली आणि मोडली.

कट्‌ असा आवाज आला. ओला गूळ वाकतो, कोरडा गूळ बोलतो. गुऱ्हाळावरच्या प्रत्येकाला हे माहीत असतं. मोळी टाकणारी दोन माणसं त्या आवाजाने थांबून इकडे बघायला लागली.

“सूखा है,” चौधरी म्हणाला. त्याने दुसरी पुडी उघडली, तिसरी उघडली. प्रत्येक वडी तशीच मोडली. “मालिक, सब सूखा है. आज ही का लगता है.”

साहेबरावांनी एक तुकडा तोंडात टाकला, आणि त्याच्याबरोबर हातात आलेला फिल्मचा कपटाही. सीमाने तो काढून खायचा असतो म्हणून सांगेपर्यंत तो गिळून झाला होता. ते थोडा वेळ चघळत राहिले. भागुबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“मॅडम,” ते म्हणाले, “गेल्या साली म्या तुम्हाला लई बोललो.”

“बोललात ते बरोबर होतं. तेव्हा चिकटत होती.”

“मशीन न्हाई घेत मी. पर एक सांगा. तुम्ही नोकरीवर. कागद काय रविवार-रविवार करणार? मला रोज लागंल. शेजारची दोन गुऱ्हाळं बी मागतील, ती काय ऐकणारी हायत? रोज करणारं माणूस पायजे आन् ते माणूस तुम्ही पायजे. दुसऱ्याच्या हातात दिलं की बिघाडलं. हाय का तयारी?”

सीमाने आईकडे पाहिलं. भागुबाई आता हसत नव्हत्या. त्या सीमाकडे अशा बघत होत्या जशा लेकीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाबाहेरून बघत उभ्या राहिल्या असतील.

“उद्या सांगते,” सीमा म्हणाली.

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. पाटस मागे पडलं. मग भागुबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “माझी भावजय इचारत हुती, ती दुधाची खोली झाडून ठिवू का म्हणून. म्या म्हणलं, ठीव.”

“तुला कोणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगाया पायजे? न्हावऱ्याला जाताना तू त्या खोलीकडं कशी बघतीस, तवाच कळलं. मला कळतंय. त्येंना तूच सांगायचंस. मी न्हाई मदी पडायची.”

घरी चांगदेव विहारातून वंदना करून नुकतेच आले होते. पांढरा सदरा अजून अंगातच होता. सीमा पाय धुऊन येईपर्यंत ते पडवीत खुर्चीवर बसले, आणि ती समोर येताच त्यांनी जे मनात होतं ते सुरू केलं. स्टेशनवर चौकशी करून आले होते. दौंडवरून पुणं, पुण्याहून वसईमार्गे जाणारी गाडी, वापीला उतरायचं, तिथून सिल्वासा जवळच. परतीला रविवारची गाडी सोयीची. विहारात दोघातिघांनी विचारलं, मुलगी प्रमुख होणार म्हणे. त्यांनी सांगितलं, व्हय, साहेबांनी स्वतः बोलावलंय. बोलताना त्यांचे हात गुडघ्यांवर होते, रुळांचे जोड ठोकून ठोकून जाड झालेली बोटं सारखी केलेली. सीमाने त्यांना पूर्ण बोलू दिलं. एकही गाडी मध्येच तोडली नाही.

“उद्या काय ते सांगायचंय न्हवं त्या साहेबाला?” त्यांनी विचारलं.

“हो. उद्याच.”

“आन् तुझ्या पापडाचं काय झालं आज?”

सीमाने पिशवीतून फिल्मची एक पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर केला. आधी नुसतीच पाहिली. मग दोन्ही टोकं मुठींत धरून ओढली. पट्टी ताणली, तुटली नाही. त्यांनी पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि पुन्हा ओढली, या वेळी खांद्यातून जोर काढून, जसा आयुष्यभर काढला होता. पट्टी तुटली नाही.

“ह्याच्यात काय घातलंस ग?”

“बाभळीचा डिंक. मेण. आणि पीव्हीए. आधी आईने तूप घातलं होतं, त्यावरून सुचलं.”

“तूप,” चांगदेव म्हणाले आणि दाराकडे बघून आवाज चढवला, “ऐकलं का, तुझ्या तुपाचं नाव निघालंय.”

भागुबाई उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. त्या सीमाकडे बघत होत्या. चांगदेवांनी बायकोकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि पट्टी अजून हातांतच असताना त्यांचा आवाज उतरला.

“साहेबराव काय म्हणला?”

“घेतो म्हणाले. रोज लागेल म्हणाले.”

“रोज कोण करणार?”

हा प्रश्न त्यांनी अगदी सावकाश विचारला. उत्तर माहीत असलेला माणूस विचारतो तसा. सीमाच्या डोळ्यांसमोर त्यांनी सांगितलेलं सगळं होतं: दुसऱ्याचं दार, बाहेरचं उभं राहणं, टेकायला नसलेला बांध. त्यातलं काहीही तिला खोडून काढायचं नव्हतं. ती खाली बसली नाही, त्यांच्यासमोर उभीच राहिली, आणि वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं वाक्य तोंडून निघालं तेव्हा तिला वाटलं होतं तेवढं ते मोठं नव्हतं, अवघडही नव्हतं.

“आबा, मी करणार. सिल्वासाला जात नाही. नोकरी सोडतेय, न्हावऱ्यात फिल्मचं काम सुरू करतेय. आणि हे मी विचारत नाहीये तुम्हाला, सांगतेय.”